झोपेची खोली

६ जानेवारी, मंगळवार

परेश झोपलेला असताना या घरात बिनधोक करता येण्यासारखं एकच काम आहे, लिहिणं. मिक्सर नाही, कुकर नाही, भांडी घासायची नाहीत, फोनवर बोलायचं नाही. केर काढलेला चालतो, पण खुर्च्या सरकवायच्या नाहीत. त्याच्या यार्डातून ही नव्या वर्षाची डायरी मिळाली होती. त्याने ती रद्दीत टाकली, मी उचलली. पेनाचा आवाज होत नाही आणि माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणजे दोघांचीही सोय झाली.

परेश उरणकडच्या एका कंटेनर यार्डात रात्रपाळीला असतो. मोठी क्रेन चालवतो. सकाळी येतो, न्याहारी करून झोपतो, संध्याकाळी उठतो. त्याच्या झोपेच्या वेळेला बाहेर काय काय चालतं ते लिहायला बसले तर ही डायरी पुरायची नाही. समोरच्या प्लॉटवर नव्या बिल्डिंगच्या पायाचे खांब ठोकायचं पायलिंग, रस्त्यावर खडीचे डंपर, कोपऱ्यावरच्या गाळ्यात ग्रिल कापायचं मशीन, भाजीवाल्यांचे भोंगे, आणि आता डोक्यावरून विमानं. करंजाड्यात हे घर भाड्याने घेताना एजंट म्हणाला होता, एकदम शांत एरिया आहे मॅडम. मेल्याची जीभ झडली नाही.

आज निमित्त कुकरचं झालं. प्रांजलला शाळेतून आल्यावर गरम वरणभात लागतो. शिट्टी चमच्याने दाबून धरायची मला सवय आहे, पण एक निसटलीच. परेश आतून आला, कुकर गॅसवरून उचलला आणि माझ्या अंगावर भिरकावला. झाकण घट्ट होतं म्हणून भाजले नाही. खांद्यावर बसला. आता उजवा हात वर जात नाही, केस विंचरायची पंचाईत.

तेवढ्यात दारात सोनाबाई! या आमच्या घरमालकीण, तळमजल्यावर राहतात. त्यांचं गाव विमानतळात गेलं, बदल्यात हा प्लॉट मिळाला, त्यावर मुलाने बिल्डिंग बांधली. आयुष्यभर पनवेलच्या बाजारात मासे विकले, त्यामुळे आवाज असा की पायलिंगवाल्यांनी शिकवणी लावावी. हातात वाटी घेऊन उभ्या.

"निवट्यांचं कालवण हाय. पोरीला दे गो. काय आपटला मगाशी?"

"कुकर पडला मावशी, हातातून."

"तुज्या हातातून लय पडतंय."

त्या आत आल्या, पंख्याखाली बसल्या आणि परेश पुन्हा झोपायला जाईपर्यंत हलल्या नाहीत. नको त्या वेळेला हजर व्हायची यांना विद्याच आहे. कान छताला लावून बसत असाव्यात.

९ जानेवारी, शुक्रवार

आज परेशने शेवटी डंपरवाल्याला धरलं. खिडकीखाली हॉर्न वाजवत होता म्हणून बनियनवरच खाली गेला, केबिनच्या दारावर लाथ घातली. ड्रायव्हर उतरला तो लोखंडी टॉमी घेऊनच. मी खिडकीतून बघत होते. परेश दोन पावलं मागे सरला, हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि वर आला.

वर आल्यावर त्याने माझा गळा धरला. "तू काय बघत होतीस खिडकीतून? मजा बघत होतीस?" भिंतीला लावलं तेव्हा डोकं स्विचबोर्डावर आपटलं. रागाला कुठेतरी वाट हवी असते, खाली मिळाली नाही. माणसाची झोप झाली नाही की त्याचं जनावर होतं, हे मी आता कुणालाही पटवून सांगू शकेन.

सोनाबाई सुके बोंबील घेऊन आल्या.

११ जानेवारी, रविवार

खरं लिहायचं तर आज मी घाबरले.

प्रांजलच्या शाळेत शिवजयंतीला लेझीम आहे. बाई म्हणाल्या घरी सराव करा. ती बिचारी बाल्कनीचं दार लावून, लेझमीच्या साखळीला रुमाल बांधून पावलं टाकत होती. रुमाल सुटला. परेशने तिच्या हातातून लेझीम घेतली आणि त्याच लेझमीने तिच्या मनगटावर मारलं. आजवर त्याने तिला हात लावला नव्हता. ती रडलीही नाही, मनगट दुसऱ्या हाताने धरून माझ्याकडे बघत राहिली. तिला हे सगळं मुकाट कसं सोसायचं ते माहीत आहे असं मला वाटलं.

मी मध्ये पडले. मग जे व्हायचं ते मला झालं. बरगडीला लागलंय, खोकला आला की कळ येते.

संध्याकाळी उठल्यावर तो प्रांजलला घेऊन आइस्क्रीम खायला गेला. येताना माझ्यासाठी गजरा. म्हणाला, "विनिता, मी वाईट माणूस नाही गं. मला फक्त सात तास शांत झोप दे. एवढंच मागतो."

त्याचं काय चुकलं? यार्डात रात्रभर कंटेनरवर कंटेनर आदळतात, तो आवाज दातांत बसतो म्हणतो. तिथे तो कुणावर हात टाकत नाही, कारण तिथे साहेब असतात आणि नोकरी आहे. घरी यावं तर घरीही तेच. प्रांजलच्या अंगावर पुन्हा हात पडायला नको असेल तर त्याला झोप मिळाली पाहिजे. मी ठरवलंय. बेडरूम बंद करायची, अशी की आत सुईभरसुद्धा आवाज येणार नाही.

१७ जानेवारी, शनिवार

मोबाइलवर बघून मी अंड्यांचे ट्रे आणले आणि सगळी भिंत भरून चिकटवले. कामोठ्याच्या अंडीवाल्याने ट्रे देताना विचारलं, ताई, एवढ्या कोंबड्या पाळताय कुठे? खोली पोल्ट्रीसारखी दिसायला लागली. मी मात्र खूश.

परेश झोपला आणि ग्रिलवाल्याने मशीन सुरू केलं. काही फरक नाही. उलट एक ट्रे सुटून त्याच्या तोंडावर पडला. त्याने सगळे ओरबाडून काढले, मला खाली बसवलं आणि एकेक ट्रे माझ्या डोक्यावर फाडला. पुठ्ठ्याचे काय लागतात, पण शेवटी पुठ्ठे संपले.

डाव्या कानात अजून शिट्टी वाजतेय. ही मला एकटीलाच ऐकू येते, म्हणजे त्याला तिचा त्रास नाही.

सोनाबाई वर आल्या, माझा कान बघितला, जिन्यातच थांबल्या. त्यांना बघून परेश आत गेला. त्यांच्या पुढ्यात तो आवाज चढवत नाही. घरमालकीण आहे, तेवढं त्याला कळतं.

२१ जानेवारी, बुधवार

अंड्यांचे ट्रे म्हणजे शुद्ध मूर्खपणा होता. पनवेलला काच आणि ॲल्युमिनियमवाल्याच्या दुकानात गेले. तिथे भरत म्हणून एक कारागीर आहे, त्याने नीट समजावलं. ट्रेने फक्त खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज थांबत नाही. आवाज पाण्यासारखा असतो, भेग मिळेल तिथून शिरतो. आमच्या सरकत्या खिडकीला एवढी फट आहे की तिच्यातून डास रांगेने येतात. ती काढून उघडझाप करणारी रबरवाली खिडकी, आत एक जादा जाड काच, दोन्हींमध्ये मोकळी जागा. भिंतीपासून अंतर ठेवून लोखंडी पट्ट्या, मध्ये कापसासारखं दाबून भरायचं रॉकवूल, वर जिप्सम बोर्डाचे दोन थर. छतालाही तेच. जमिनीवर रबराची जाड चटई आणि वर कार्पेट. भरीव दार, चारही बाजूंना रबर, आणि दार दाबून बसावं म्हणून आत-बाहेर कडी.

"म्हणजे खोलीच्या आत खोली," मी म्हटलं.

"बरोबर ताई. रेकॉर्डिंगवाले करतात तसं. आत कुणी मेलं तरी बाहेर कळत नाही," भरत हसत म्हणाला.

मी माझ्या पाटल्या मोडल्या. आईच्या होत्या. आईला कळलं असतं तर तिने हेच केलं असतं, लेक सुखी राहावी म्हणून.

भिंतीला भोकं पाडायची म्हणून सोनाबाईंची परवानगी मागायला गेले. वाटलं होतं, भाडेकरू स्वतःच्या खर्चाने घर सुधारतोय म्हटल्यावर खूश होतील. त्या मासे साफ करायच्या थांबल्या.

"सगला बंद करशील?"

"हो. काही आवाज जाणार नाही, येणार नाही."

"मंग आमाला कसा आयकू येल?"

"काय ऐकायचंय तुम्हाला मावशी?" मला जरा रागच आला. दुसऱ्याच्या घरातलं ऐकल्याशिवाय यांना अन्न पचत नाही.

त्यांनी हातातला मासा खाली ठेवला. "मना इचारशील तर करू नको, बाय," म्हणाल्या. पण त्यांच्या मुलाने परवानगी दिली, त्यामुळे त्यांचं काही चाललं नाही.

२८ जानेवारी, बुधवार

काम जोरात. सकाळी परेश यायच्या आत आणि संध्याकाळी तो गेल्यावर, असं चाललंय. मधल्या वेळात तो हॉलमध्ये झोपतो, म्हणजे झोपत नाही. परवा रॉकवूलचे तंतू त्याच्या उशीला लागले आणि अंगाला खाज सुटली, त्याबद्दल मला पट्टा मिळाला. पाठीवर वळ उठलेत. भरतला बोर्ड धरायला मदत करताना ब्लाउज वर सरकला, तेव्हा त्याने बघितलं असावं. त्यानंतर तो पुन्हा हसून बोलला नाही.

थोडे दिवस राहिलेत. शेवटचा चढ सगळ्यात अवघड असतो.

७ फेब्रुवारी, शनिवार

झाली! माझी झोपेची खोली तयार झाली.

दार लावलं की काय होतं ते शब्दांत सांगता येत नाही. पायलिंग नाही, डंपर नाही, विमान नाही. कानाला आधी कळतच नाही, मग आपला श्वास ऐकू येतो. मी आत एकटी उभी राहून रडले. एवढं चांगलं काम मी जन्मात केलं नव्हतं.

परेशने स्वतः परीक्षा घेतली. मला आत ठेवलं, म्हणाला ओरड. मी बेंबीच्या देठापासून ओरडले. आधी लाज वाटली, मग जमलं. कितीतरी वर्षांत एवढी मोठ्याने ओरडले नव्हते. दार उघडून तो आला, चेहरा लहान मुलासारखा खुललेला. "काही म्हणजे काही येत नाही गं बाहेर!" मग खाली जाऊन सोनाबाईंच्या स्वयंपाकघरात उभा राहिला आणि मला पुन्हा ओरडायला लावलं. तिथेही नाही. वर येऊन त्याने मला उचलून फिरवलं.

लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला माझा एवढा अभिमान वाटला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तो मेल्यासारखा झोपतो. मी दिवसा मिक्सर लावते! प्रांजल हॉलमध्ये लेझीम खेळते, रुमाल न बांधता. काल तिने मला दोन पावलं शिकवली आणि मी टीपॉयवर आपटले, दोघी पोट धरून हसलो. या घराला एवढंच हवं होतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहिते, कारण मला ते नीट समजलेलं नाही.

परेश संध्याकाळी उठला. ताजातवाना, गालावर उशीच्या घड्या. चहा मागितला, चांगला झालाय म्हणाला. प्रांजल क्लासला गेली होती. कप ठेवून म्हणाला, "जरा आत ये." मी गेले. त्याने दार लावलं, कडी घातली, एसी बंद केला.

"दुपारी दोनला उठलो होतो पाणी प्यायला," तो म्हणाला. "हॉलमध्ये तू फोनवर हसत होतीस. कोण होतं?"

"माझी बहीण."

"मला ऐकू आलं नाही ना, दार उघडेपर्यंत तू काय बोलत होतीस ते. नुसती हसताना दिसलीस."

मग त्याने मारलं. घाईघाईने नाही. आरडाओरडा नाही, शिवी नाही, डोळे लाल नाहीत. पोटात, मांड्यांवर, जिथे साडी असते तिथे. मध्ये थांबून हाताची बोटं मोडली. मी ओरडले तेव्हा त्याने नेहमीसारखं तोंड दाबलं नाही. "ओरड," म्हणाला. "आता काय प्रॉब्लेम आहे?"

मी दाराकडे बघत होते. मला वाटत होतं आता सोनाबाई येतील. कालवण घेऊन येतील, सुकट घेऊन येतील, काहीतरी घेऊन येतील. त्या आल्या नाहीत. मी कधी नव्हे एवढी त्यांची वाट बघितली.

त्याची झोप पूर्ण झाली होती. सबंध दिवसाची. मी तेवढ्याच वाक्याशी अडकलेय, पुढे जाता येत नाही. त्याची झोप पूर्ण झाली होती.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा. परवाही. आता तो मला "आत ये" म्हणतो तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवते आणि जाते, डॉक्टरांनी नंबर पुकारल्यासारखी. लघवीतून रक्त गेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. इथे तोंड मोकळं आहे आणि त्यासाठी मी आईच्या पाटल्या मोडल्यात.

आज जिन्यात सोनाबाई भेटल्या. नातवाच्या लग्नाच्या गडबडीत आहेत, रविवारी कल्पेशची हळद. मला म्हणाल्या, "आता बरा झाला, नाय? लय दिस काय आवाज नाय तुज्या घरातून." आणि खरोखरच आनंदाने माझ्या गालावरून हात फिरवला.

सांगावंसं वाटलं. लाज आडवी आली. ही खोली मी हट्टाने केली, त्यांचं न ऐकता. कुठल्या तोंडाने सांगणार?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लेझीम झाल्यावर प्रांजल फेटा बांधूनच शाळेतून आली. तिला फोटो काढायचा होता म्हणून तिने बेडरूममधला चार्जर आणायला दार उघडलं. आवाज केला नाही तिने. उजेड आत गेला.

मी स्वयंपाकघरातून हात पुसत येईपर्यंत दार लागलं होतं. आतून कडी.

मी दारापाशी उभी राहिले आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी कान लावला. मी हाताने, मग लाटण्याने, मग लोखंडी तव्याने दार ठोकलं. ते दार भरीव आहे, मी स्वतः पसंत केलेलं. आत त्याला ते कळतही नसेल. मी ओरडत होते आणि माझा आवाज मला बाहेरच्या भोंग्यांत हरवल्यासारखा वाटत होता. रस्त्यावर शिवजयंतीचे ढोल चालले होते.

मग दार उघडलं. परेश बाथरूमकडे गेला. प्रांजल कार्पेटवर बसली होती, फेटा सुटून गळ्यात आलेला. पोटऱ्यांवर पट्टा उमटलाय, एका ठिकाणी कातडी फाटून बकलाचा आकार दिसतो. ओठ फुटलाय. तिने मला जवळ घेऊ दिलं नाही.

"मी एवढी ओरडत होते, आई," ती म्हणाली. "तू का नाही आलीस?"

"मी दाराबाहेरच होते गं."

"नाही," ती म्हणाली. "तू नव्हतीस."

तो माणूस कधीच आवाजाने बिघडला नव्हता. हे मी आज लिहितेय, एवढं सगळं हाताने बांधून झाल्यावर.

२३ फेब्रुवारी, सोमवार

कालचं आज लिहितेय. सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसून. प्रांजल शेजारी आहे.

काल कल्पेशची हळद. बिल्डिंगसमोर रस्ता अडवून मांडव, डीजेच्या भिंतीएवढ्या पेट्या. परेश सकाळी जेवून झोपला. "आज तुझ्या खोलीची खरी परीक्षा," म्हणाला. दुपारपासून डीजे सुरू झाला, काचेच्या वाट्या फडताळात थरथरत होत्या, आणि तो आत गाढ झोपला होता.

चारच्या सुमाराला मी प्रांजलचा हात धरला आणि खाली गेले. मांडवाच्या मागच्या बाजूला, सोनाबाईंच्या पडवीत, बायकांची वेगळी हळद चालली होती. धवलारीण लग्नाची गाणी म्हणत होती, बाकीच्या बायका मुसळाने हळकुंडं कांडत होत्या, हात कोपरापर्यंत पिवळे. सोनाबाईंनी मला बघून जागा केली. मला हळद लावायला हात पुढे केला आणि मी प्रांजलचा परकर गुडघ्यापर्यंत वर केला.

मला भाषण करायचं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "मावशी, त्या खोलीतून खाली काही ऐकू येत नाही."

गाणं थांबलं. सोनाबाईंनी आधी प्रांजलच्या पोटऱ्या पाहिल्या, मग माझा पदर बाजूला करून पोट पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. रागाआधी त्यावर दुसरंच काहीतरी आलं, जसं काही त्यांनीच मारलं असावं. "मना वाटला थांबला," त्या म्हणाल्या. "मी देवाला नारल दिला गो, थांबला म्हनून."

त्या उठल्या. सोबत त्यांची सून भामा, भामाच्या दोन नणंदा, आणखी कोण कोण. कुणीतरी पुरुषांना बोलवा म्हणालं. सोनाबाई ओरडल्या, "गडीमानसांनी वर यायचा नाय. त्याना दारू चढलीय, ते मारून टाकतील. आमी बोलू त्याच्याशी."

बोलायलाच गेल्या होत्या, असं मला वाटतं. पण भामाच्या हातात मुसळ तसंच होतं.

तो कुशीवर झोपला होता. एवढ्या बायका खोलीत येऊन उभ्या राहिल्या तरी त्याला जाग नाही. सोनाबाईंनी पांघरूण ओढलं. तो उठला, आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर समोर उभ्या म्हातारीच्या थोबाडीत मारली. बहुतेक ती मीच आहे असं त्याला वाटलं.

मग सगळ्या त्याच्यावर पडल्या. पिवळे हात वर जात होते आणि खाली येत होते. त्याच्या पांढऱ्या बनियनवर हळदीचे पंजे उमटले, चादरीवर उमटले, मी एवढ्या कष्टाने लावलेल्या बोर्डावर उमटले. भामाने मुसळ घातलं ते मी पाहिलं, त्याच्या गुडघ्यावर. तो ओरडला. तो आवाज मला अनोळखी वाटला. प्रांजल माझ्यामागे उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. तिने हे ऐकू नये म्हणून मी तिला हॉलमध्ये घेतलं आणि दार लावलं.

कडी घातली. दार दाबून बसावं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

आम्ही दोघी कोचावर बसलो. खाली डीजे चालूच होता. बेडरूममधून काही येत नव्हतं. मी दाराकडे बघत होते. थोड्या वेळाने त्याचं हँडल हललं. खाली गेलं, वर आलं. पुन्हा खाली, पुन्हा वर, मग भराभर. मी बघत बसले. मला उठायचं होतं की नाही ते मी आजही सांगू शकत नाही. माझ्या मांडीवर माझे हात होते आणि ते तिथेच राहिले.

प्रांजल उठली, टाचा वर केल्या आणि तिने कडी काढली.

सोनाबाई दारातच होत्या, घामाने निथळत. "दार कोनी लावला गो? कवापासून ठोकतोय आमी! मानूस मरंल ना हितं!"

परेश खाली पडला होता. पळायला गेला, गुडघा दुमडला आणि पलंगाच्या लोखंडी कोपऱ्यावर डोकं आपटलं, असं भामा म्हणाली. कार्पेटवर रक्ताचं थारोळं झालं होतं. एक नणंद आपल्या पदराने त्याचं डोकं दाबून धरून बसली होती आणि रडत होती. ज्यांनी मारलं त्याच त्याला पाणी पाजत होत्या.

मांडवातल्या पुरुषांत गाडी चालवण्याइतका शुद्धीत एकच जण निघाला, नवरदेव. हळद लागल्यावर नवऱ्याने घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं. धवलारीण नको नको म्हणत राहिली. कल्पेशने अंगाची हळद पुसायलाही वेळ घेतला नाही, परेशला मागच्या सीटवर घातलं आणि गाडी काढली.

तो जगणार आहे. डोक्याला टाके आहेत, गुडघ्याचं हाड फुटलंय. सकाळी शुद्धीवर आला तेव्हा नर्सला म्हणाला, या वॉर्डात फार आवाज आहे, दुसरीकडे हलवा.

पोलीस दुपारी आले. सोनाबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं की जे केलं ते त्यांनी केलं, बाकी बायकांना त्रास देऊ नका. हवालदाराने माझा आणि प्रांजलचा जबाब घेतला, आमच्या अंगावरच्या खुणा लिहून घेतल्या. चांगला माणूस वाटला. मग मला विचारलं, "आत हे चाललं होतं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"हॉलमध्ये."

"तो मरायला टेकला होता. आतून दार ठोकलं म्हणतात. तुम्हाला काही ऐकू आलं नाही?"

"नाही," मी म्हटलं. "त्या खोलीतून काही ऐकू येत नाही."

त्याने ते तसंच लिहून घेतलं आणि मी सही केली. खोटं काही नव्हतं त्यात.

तो गेल्यावर प्रांजल बाकावर पाय हलवत बसली. तिच्या पोटऱ्यांना मलम लावून पट्ट्या बांधल्यात. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, त्या दिवशी मीपण हँडल हलवत होते. तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं गं राजा. पण कडी आतून होती. मी काय करणार होते?"

तिने पायाची पट्टी चाचपली.

"कालची तर बाहेरून होती," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.